तुम्ही विचारलंत म्हणून: लिखाण सपक का वाटतं?

"माहिती सगळी आहे, व्याकरण बरोबर आहे, तरी वाचायला मजा का येत नाही हो?" दिवाळी अंकासाठी आलेले लेख तपासते म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि माझं उत्तर एकच, क्रियापदं बघा. 'करणे' आणि 'होणे' किती वेळा आलेत ते पेन्सिलीने गोल करून मोजा.

परवा पुरणपोळीवर एक लेख आला. 'डाळ शिजवून घेण्यात येते, नंतर एक्स्ट्रा पाणी रिमूव्ह करून गूळ ॲड केला जातो व मिक्स केला जातो.' मला स्वयंपाकघर दिसेचना. फोन लावला, म्हटलं तुमच्या आई काय करायच्या ते नुसतं सांगा, तर बाई भडाभडा बोलायला लागल्या, आई डाळ वेळायची, कट आमटीला ठेवायची, गूळ घालून आटवायची, उलथनं उभं राहीपर्यंत घोटायची, मग पाट्यावर वाटायची. अहो हेच लिहा की! 'वेळणे' एवढं म्हटलं की चाळणी आली, खालचं पातेलं आलं, वाफसुद्धा आली.

आपल्या भाषेला नामाचं क्रियापद करायची केवढी हौस होती बघा, हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, आणि फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांनाही सोडलं नाही, खर्चणे, बदलणे, फर्मावणे. इंग्रजी शब्द आले आणि आपण मागे नुसतं 'करणे' चिकटवायला लागलो, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. 

'करणे' वाईट नाहीये, 'प्रेम करणे'ला दुसरं काय म्हणणार? 'चोरी झाली' हेही ठीक, चोर कोण ते कुठे माहितीये. पण 'लाठीमार करण्यात आला' वाचलं की मी थांबते. कोणी केला? पोलिसांनी. मग 'पोलिसांनी लाठ्या चालवल्या' लिहा ना, कर्ता माहीत असताना लपवायचा कशाला?

बाईंचा लेख काल परत आला. 'ॲड' एकही नाही, आणि एक नवीनच वाक्य आलंय, 'लाटताना पुरण डोकावलं की आई तिथे पिठाचं बोट टेकवायची.' पहिल्या खर्ड्यात ते नव्हतंच.