जानेवारीत सोलापूरहून लेह: सोलरची बॅटरी नेणाऱ्यांनी आधी हे वाचा

'थंडीत लिथियमच घ्या' असं सोलापुरातल्या दुकानात छातीठोकपणे सांगतात. हे अर्धंच खरं. उणे पंधरातही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दिवे लावते, पण चार्ज होत नाही, हे उरलेलं अर्धं लेहला पोचल्यावर कळतं.

कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, पुढे विमान, सगळं सुरळीत. मात्र १६० वॉट-तासांवरची सुटी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही, आणि १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तासांची असते. ती सप्टेंबरातच ट्रकने पाठवा. हिवाळ्यात मनालीचा रस्ता बंद.

खरा छळ सकाळचा. लख्ख ऊन, पॅनलवर छान व्होल्टेज, चार्जिंग शून्य. बिनशेगडीच्या खोलीत रात्रभरात सेल उणे बारापर्यंत उतरलेले असतात आणि दहा-अकरा किलोचा तो गठ्ठा दुपारपर्यंत वर येत नाही. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटमध्ये न शिरता वरच धातू होऊन साचतं. गेलेली क्षमता परत येत नाही, आतून शॉर्टही होऊ शकतो. म्हणून बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, चार्जिंग तोडतो. तोडतो हे नशीब. स्वस्त पॅकमध्ये ही सोयच नसते. 'लो टेंपरेचर चार्ज कट-ऑफ' बिलावर लिहून घ्या.

सोलापुरी चादर गुंडाळून काही होत नाही. चादर ऊब धरते, तयार करत नाही. ५० मिमी थर्माकोलची पेटी करा. खाली अॅल्युमिनियमचा पत्रा, पत्र्याखाली ६० वॉटचा हीटिंग पॅड, थर्मोस्टॅटचा सेन्सर हवेत नाही, सेलला चिकटवलेला. पण पॅड दिवसरात्र चालू ठेवू नका. पेटी कायम ऊबदार ठेवायला पॅड सतत वीज ओढतो, म्हणजे बॅटरी स्वतःलाच खाते! टायमरने ऊन पॅनलवर यायच्या तासभर आधी पॅड लावा, दहा अंशांना बंद. ७०-८० वॉट-तासांत काम होतं, तेही बॅटरीतूनच, कारण डिस्चार्ज चालू असतो.

ट्यूब्युलर, म्हणजे आम्ल-पाण्याची लेड-अॅसिड बॅटरी, नेणार असाल तर वेगळं दुखणं. आपल्याकडच्या उन्हासाठी तिच्यात आम्लाची घनता १.२४ च्या आसपास असते. पूर्ण चार्ज असेल तर गोठायची भीती नाही, उतरून १.१५ झाली की उणे पंधराच्या आसपास गोठते आणि डबा तडकतो. अर्ध्याखाली उतरवू नका. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगच्या आधी घाला. नुसतं घालून ठेवलं तर वरच तरंगून गोठतं. चार्जरला तापमान भरपाई, म्हणजे थंडीत व्होल्टेज आपोआप वाढवायची सोय, हवीच, नाहीतर १४.४ व्होल्टवर तिथे बॅटरी कधीच भरत नाही. उणे पंधराला १५.३ च्या आसपास लागतात.

उलट पॅनलचं व्होल्टेज थंडीत चढतं, २५ अंशांच्या तुलनेत उणे पंधराला बारा टक्के. पॅनल आणि बॅटरीमधल्या चार्ज कंट्रोलरची कमाल व्होल्टेज मर्यादा त्या हिशेबाने घ्या, सोलापूरच्या हिशेबाने नको.

आणि विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस ५५ किलोची ट्यूब्युलर उचलू नका. ३५०० मीटरवर दम लागतो, मग अंगात कितीही भाकरी असो.