जुन्या चादरींच्या पट्ट्या

परदेशातील मिशन रुग्णालयासाठी वस्तू जमवताना मी प्रथम जुन्या सुती चादरी काढल्या, कारण वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड पाणी चटकन शोषते आणि निर्जंतुकीकरणाची १२१ अंश सेल्सिअसची वाफही सहन करते. शिवण उसवून जखमेवर बांधायला साधारण ७ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या, सुटे धागे काढायचे आणि घट्ट गुंडाळ्या करायच्या. सैल गुंडाळी बांधणाऱ्याच्या हातातून निसटते, म्हणून मी हे काम घाईने करत नाही. चादर मध्यभागी विरते, पण कडेचे कापड मजबूत राहते. त्याची मी नवजात बाळांसाठी दुपटी शिवते. घरात उरलेली औषधे मात्र पेटीत ठेवत नाही, कारण रुग्णांना देऊन परत आलेली औषधे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.