खापर ईसीएमच्या माथी

सिंहगड रोडच्या माझ्या गॅरेजवर परवा कोथरूडचे एक काका 1999 सालची पेट्रोल सेडान घेऊन आले. "सिग्नलला उभी राहिली की आपोआप रेस होते हो. क्लच सोडायची भीती वाटते." आधीच्या मेकॅनिकने ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलायला सांगितलं होतं. जुन्या गाडीत बिघाड सापडला नाही की खापर फोडायला ते एक डबडं असतंच.

गरम इंजिन 800 आरपीएमच्या आसपास थांबायला हवं. इथे काटा 1200 ते 2000 असा झोके घेत होता. हा झोका बोलका असतो. पेडलवर पाय नाही, तरी कुठूनतरी जादा हवा आत येते आणि आरपीएम चढतात. ईसीएमला वाटतं गाडी उतारावर आहे, म्हणून तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडले की पुन्हा सोडतो. म्हणजे तो बिचारा नेमून दिलेलं कामच करत होता! शोधायची होती ती हवा.

अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला ढील होती, म्हणजे ती ओढून धरत नव्हती. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर क्लीनरचा स्प्रे मारला, ब्रेक बूस्टरचा पाइप चिमटला; तिथून हवा शिरत असती तर आवाज बदलला असता, पण काडीचा फरक नाही. मग फिल्टरकडून येणारा पाइप काढून थ्रॉटल बॉडीतलं, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या घरातलं, खालचं भोक बोटाने दाबलं. बोट आत ओढलं गेलं आणि इंजिन शांत.

ते भोक फास्ट आयडल व्हॉल्व्हचं, गार इंजिनला जादा हवा देणाऱ्या झडपेचं. आत मेण असतं. भोवतीचं कुलंट तापलं की ते फुगतं आणि हवेची वाट बंद करतं. पण व्हॉल्व्हकडे जाणारे बारीक पाइप हाताला गार लागले. इंजिन तापलेलं, पाइप गार. म्हणजे गरम कुलंट तिथवर पोचतच नव्हतं.

"कुलंट मी रोज बघतो, बाटली भरलेली आहे," काका म्हणाले. होतीच भरलेली. इंजिन पूर्ण निवल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं, तर आत पाणी दिसेना. दीड लिटर बसलं. झाकणाचं रबर वाळून कडक झालेलं. तापल्यावर कुलंट बाटलीत जायचं, निवताना मात्र बाटलीतून परत ओढलं जाण्याऐवजी झाकणाच्या कडेने हवाच शिरायची.

नाना पेठेतून नवं झाकण आणलं. हीटर फुल करून, ब्लीड स्क्रू सैल करून हवा काढत बसलो. बुडबुडे काही लवकर थांबेनात. शेवटी फॅन लागून बंद झाला तेव्हा काटा 800 ला टेकलेला.

आत राहिलेलं पाणी मात्र तांबूस होतं. काका बाटलीत नळाचंच पाणी घालत आलेत. पुढच्या महिन्यात रेडिएटर फ्लश करायचा ठरलाय. थर्मोस्टॅटही तेव्हाच काढून बघेन.