तुम्ही विचारलंत म्हणून: ती नाकातल्या साखळीवाली

माझ्या कीबोर्डच्या क्लासात भिंतीवर एक फोटो आहे. नवं मूल आलं की आधी त्याकडे बोट जातं. पालक असले तर जरा दबक्या आवाजात, "सर, ही कोण? आणि हिचं पुढे काय झालं?"

ही जेन चाइल्ड, कॅनडातल्या टोरंटोची गायिका. आपल्याकडे कानातला वेल केसांत खोचतात, हिची साखळी नाकातून निघून कानाला पोचायची. वर ताठ उभे केस, मागे लांबच लांब वेण्या. लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं, आणि माझी चिडचिड तिथेच होते. १९८९ साली वॉर्नर ब्रदर्सनं काढलेल्या तिच्या पहिल्या अल्बमची गाणी तिनेच रचलेली, निर्मिती तिचीच, आणि बरीचशी वाद्यंही तिनेच वाजवलेली. त्या काळात बाईमाणसाला नुसतं माइकपुढे उभं करायचे हो!

त्यातलं 'डोन्ट वॉना फॉल इन लव्ह' १९९० मध्ये अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. संगीत-निर्माता टेडी रायलीनं त्याचं रीमिक्स केलं, म्हणजे तेच गाणं नव्या ठोक्यांवर बसवलं. न्यू जॅक स्विंग ही शैली म्हटलं की पहिलं नाव न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या या पोराचंच. म्हणजे खाली हिप-हॉपचे ठोके, वर आर अँड बीचं गाणं. मुलांना मी सांगतो, केरवा धरा, पण आतून दादऱ्यासारखा झुलवा. जोडीतला पहिला ठोका रेंगाळू दे, दुसरा धावत येऊ दे. पोरं चार दिवस चुकतात, मग एकदम मान डोलायला लागते.

पुढे काय झालं? भयंकर असं काही नाही. दुसरा अल्बम आला १९९३ मध्ये. पॉपमध्ये चार वर्षं म्हणजे एक पिढी. न्यू जॅक स्विंगचा झोक उतरला होता आणि हिचा सूर रॉककडे वळला होता. अल्बम चालला नाही. तिसरा थेट २००२ मध्ये. बाई संगीत करत राहिली, आपण ऐकायचं थांबलो.

त्या गाण्यातला सिंथेसायझरचा तुकडा मागच्या महिन्यात एका मुलीनं बसवला. डावा हात पिच व्हीलवर, म्हणजे सूर वरखाली करणाऱ्या चाकावर, सूर नेमका वाकवला. मी खूश. तिची नजर मात्र फोटोवर.

"सर, शिंक आली की काय करत असेल हो ती?"