खुणा उमटायला लागणारा वेळ

मंगळवार, रात्री

गेल्या आठवड्यात ग्रॉसिंग केलेल्या, म्हणजे कापून तपासलेल्या, पोस्टमॉर्टेमच्या हृदयाच्या स्लाइड आज हाती आल्या. माणूस पन्नाशीतला. छातीत जळजळ, अ‍ॅसिडिटीची गोळी, आणि दीड-दोन तासांत खेळ खलास. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी, आडवी कापत गेले तेव्हाच आत घट्ट बसलेली गुठळी दिसली होती. स्नायूच्या स्लाइडवर मात्र केंद्रकं शाबूत, तंतूंवरचे नेहमीचे आडवे पट्टेही ठळक. "मॅडम, इन्फार्क्ट नाहीच की," ज्युनियर म्हणाला.

इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला स्नायू, आहे, पण दिसणार नाही. रक्त थांबलं की मिनिटभरात स्नायूचा तो भाग आकुंचन पावणं सोडतो. पेशीचं इंधन असलेलं एटीपी आटतं, सोडियम बाहेर काढणारा पंप मंदावतो, सोडियमपाठोपाठ पाणी आत शिरतं, पेशी फुगते. इतक्यात रक्त परत आलं तर ती सावरते. 20 ते 30 मिनिटांनंतर मात्र काही खरं नाही: कॅल्शियम आत घुसतं, मायटोकॉन्ड्रिया निकामी होतात, आवरण फाटतं, ट्रोपोनिन हे स्नायूतलं प्रथिन रक्तात गळतं. पेशी गेली. पण एच अँड ई या स्लाइडच्या नेहमीच्या रंगात ते कळायला निदान चार तास, ठळक दिसायला त्याहून बरेच जास्त. आणि तेवढा वेळ रक्ताभिसरण चालू हवं. पेशी मेल्याच्या खुणा उमटायला माणूस जगावा लागतो.

ताजं हृदय असतं तर टीटीसीत, म्हणजे जिवंत पेशींतल्या विकरांमुळे लाल होणाऱ्या रसायनात, काप बुडवून बघता आला असता. जिवंत स्नायू विटकरी लाल होतो, मेलेला फिकट राहतो. पण त्यालाही दोन-तीन तास उलटलेले लागतात, आणि आपल्याकडे हृदय येतं ते फॉर्मलिनच्या बरणीत, म्हणजे विकरं आधीच संपलेली. रिपोर्टमध्ये गुठळीचं पहिल्या ओळीत लिहिलं, आणि स्नायूत बदल नसले तरी इन्फार्क्ट नाकारता येत नाही, हे खाली स्वतंत्र.

त्याच ट्रेमध्ये दुसरी केस होती, अटॅकनंतर तीन दिवस जगलेल्या बाईंची. तिथे ज्युनियरला काही सांगावं लागलं नाही. केंद्रकं पुसलेली, पेशींच्या नुसत्या कडा उभ्या, ओस पडलेल्या वाड्याच्या भिंतींसारख्या, आणि मध्ये न्यूट्रोफिल्सची, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींची, गर्दी. त्यांना स्टेंट घालून बंद धमनी उघडली होती. त्यामुळे कडेच्या तंतूंवर गडद गुलाबी आडव्या पट्ट्या होत्या. परत आलेल्या रक्ताबरोबर कॅल्शियमचा लोंढा येतो आणि मरणोन्मुख तंतू त्याने आवळले जातात. म्हणून धमनी उघडायचीच नाही असं थोडंच आहे. वेळेत उघडली तर वाचणारा स्नायू कितीतरी जास्त असतो. ज्युनियरने त्या पट्ट्यांचा फोटो काढून घेतला.