फाटकाखालची चार बोटं

पळपुट्या कुत्र्यासाठी कुंपण करताना सगळे आधी उंचीच्या मागे लागतात. मीही लागलो, पण ते काम दोन दिवसांत उरकलं. सहा फूट जाळी, वरचा फूटभर भाग आतल्या बाजूला झुकवलेला. कुंपणालगतचं पिंप, लाकडांची रास, पालथी कुंडी मात्र चार-पाच फूट आत ओढा. नाहीतर त्यावर पाय देऊन तो सहा फुटांचे साडेतीन करतो.

उकरण्यावरही इलाज सोपा आहे. तीन फूट रुंदीची जाळीची पट्टी काटकोनात वाकवा. फूटभर भाग कुंपणाला वीत-वीत अंतरावर बांधणीच्या तारेने बांधा, उरलेले दोन फूट अंगणाच्या बाजूने जमिनीवर आडवे पसरा आणि वर माती-दगड टाका. कुत्रा कुंपणाच्या मुळाशीच उकरतो. तिथे जाळी लागली की दोन फूट मागे येऊन उकरावं, हे सहसा त्याला सुचत नाही. तारेची कापलेली टोकं खाली वळवा, पंजे फाटतात.

आणि मग फाटक. इथे तीन आठवडे गेले!

फाटक आत उघडणारं, साडेतीन फूट रुंद, आणि तेवढ्या अंतरात जमीन आतल्या बाजूला तीन इंच चढलेली. वेल्डरचं एकच पालुपद, "फट राहणारच." राहणारच, कारण फाटक खाली आणलं तर उघडताना चढाला घासणार. पण कुत्र्याला चार बोटांची फट पुरते, उरलेली जागा तो स्वतः करतो. रबराची पट्टी लावली, ती कुरतडली. विटा लावल्या, त्या ढकलल्या. फळी अडकवली तर प्रत्येक वेळी ती आठवणीने परत लावणारा माणूस हवा, आणि तसा माणूस घरात नसतो.

फट फक्त फाटक उघडताना लागते, बंद असताना नाही, हे कोणी सांगितलं असतं तर काम एका दिवसाचं होतं. बंद फाटक जिथे उभं राहतं, नेमकं त्या रेषेखाली काँक्रीटचा उंबरा घाला. दोन्ही खांबांच्या मधे सहा इंच रुंद, नऊ-दहा इंच खोल चर खणा, त्यात दोन सळया आडव्या टाका. उंबऱ्याचा माथा फाटकाच्या खालच्या कडेपेक्षा जेमतेम अर्धा इंच खाली ठेवा. कडा उतरत्या करा, अंधारात ठेच लागते. पावसाचं पाणी आत तुंबू नये म्हणून तळाशी दोन इंची पाइपचा तुकडा आरपार सोडा. मग सात दिवस पाणी मारायचं. तेवढे दिवस कुत्रा घरात, बाहेर आणलाच तर पट्टा हातात. कुंपणाजवळ साखळीने बांधायचं तर कधीच नाही. त्याने उडी मारली तर पलीकडे गळ्याने लटकेल.

दोन झडपांचं फाटक असेल तर उभ्या कडीसाठी उंबऱ्यात भोक लागतं. नुसतं भोक मातीने भरतं, कडी अर्धीच उतरते आणि कुत्रा नाकाने झडपा खालून फाकवतो. तिथे पाइपचा तुकडा बसवा आणि त्याचं तळाचं तोंड खडीवर उघडं ठेवा, म्हणजे पाणी निघून जाईल. पाइपमध्ये साचलेली माती मात्र अधूनमधून काढावी लागते.

बिजागऱ्यांचं सांगायचं राहिलं. दोन्हींच्या खुंट्या वर तोंड करून असतील तर दांडगा कुत्रा खालून रेटा देऊन अख्खं फाटक उचलून काढतो. वरची खुंटी उलटी बसवून घ्या. आणि नाकाने उचलली जाणारी कडी असेल तर कोयंड्यात स्प्रिंगचा हुक अडकवा. नसबंदीने बऱ्याच नरांची भटकण्याची ओढ कमी होते, पण सापडलेली फट ते विसरत नाहीत.

मोठा पाऊस झाला की उंबरा खांबाला टेकतो ती जागा बघा. माती आधी तिथूनच वाहून जाते.