स्वतःचे आयपी घेऊन हिंजवडी ते नवी मुंबई: मागून येणाऱ्यांसाठी

"लेटरहेडवर एक एलओए द्या सर, संध्याकाळपर्यंत आयपी लाईव्ह." एलओए म्हणजे आमचे पत्ते त्यांच्या नेटवर्कवरून जाहीर करायला परवानगी देणारं पत्र. नव्या होस्टिंग कंपनीच्या सेल्सवाल्याने बाणेरच्या ऑफिसात एसीच्या गारव्यात बसून हे सांगितलं. तुम्हालाही कुणी असं सांगितलं तर मनाशी आठवडा धरा आणि ग्राहकांना सांगताना दोन सांगा.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्था आणि चाकण-भोसरीकडचे कारखाने वापरतात. त्यांच्या फायरवॉलमध्ये आमचे आयपी व्हाइटलिस्ट केलेले (नोंदवून मोकळे ठेवलेले) आहेत, बँकांच्या एपीआयलाही तेच. आयपी बदलायचे म्हणजे प्रत्येक बँकेला पत्र, सही, शिक्का, मग "फाईल हेड ऑफिसला पाठवली आहे". त्यापेक्षा हिंजवडीतली सर्व्हरची जुनी रॅक सोडून नवी मुंबईला या कंपनीकडे जाताना आयपीच सोबत न्यायचे ठरलं. आमच्याकडे आयआरआयएनएनकडून (भारतातली आयपी वाटणारी रजिस्ट्री) मिळालेला /२३ आहे, म्हणजे ५१२ पत्ते, आणि स्वतःचा एएस नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा नेटवर्कचा ओळखक्रमांक. ज्यांच्याकडे /२४ हून, म्हणजे २५६ पत्त्यांहून, लहान तुकडा आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. आयपीव्ही४ मध्ये त्याहून बारीक प्रिफिक्स (पत्त्यांचा सलग तुकडा) बहुतेक नेटवर्कं उचलतच नाहीत. बीजीपी, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना रस्ते जाहीर करतात ती पद्धत, कशी चालते, रजिस्ट्रीच्या खात्यात आरओए (कुठला एएस नंबर कुठला प्रिफिक्स जाहीर करू शकतो याची नोंद) कुठे बनवतात, हे इथे शिकवत बसणार नाही. ते येत नसेल तर अजून निघू नका.

सर्व्हर हलवणं, डेटाबेसचं रेप्लिकेशन, बॅकअप, सगळं सुरळीत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

बेत सोपा होता. जुन्या रॅकमधून पूर्ण /२३ चालू ठेवायचा, नव्या कंपनीने त्यातला एक /२४ तिच्या एएस नंबरवरून जाहीर करायचा. राउटर जास्त नेमक्या प्रिफिक्सकडे वळतो, त्यामुळे त्या अर्ध्याचा ट्रॅफिक नवी मुंबईला जाणार आणि उरलेला अर्धा जागेवर राहणार. (याच नियमामुळे फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या /२२ मधला एक /२४ जाहीर केला आणि जगभरात यूट्यूब बंद पडलं होतं.) काही बिघडलं तर नवा /२४ मागे घ्यायचा, ट्रॅफिक पुन्हा हिंजवडीत. ज्यांच्याकडे एकच /२४ आहे त्यांना ही चैन नाही, त्यांना सगळं एकाच रात्री उचलावं लागेल.

आता तो टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

कंपनीने एलओएचा नमुना पाठवला, त्यात त्यांचा एएस नंबर छापलेला होता. त्याच नंबरचा आरओए बनवला, रूट ऑब्जेक्ट (राउटिंगच्या डेटाबेसातली तशीच नोंद) टाकला, एलओएवर सही-शिक्का मारून पाठवला. रात्री त्यांचा मेल आला, "डन". ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून उघडून पाहिलं, चकाचक. सकाळी फोन सुरू झाले. एका पतसंस्थेत चालतंय, तिच्याच शेजारच्या शाखेत नाही. मॅनेजरच्या लॅपटॉपवर उघडतंय, मोबाईलवर नाही. सपोर्टला तिकीट टाकलं तर उत्तर, "फ्रॉम अवर साईड पिंगिंग सर." पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. तिसऱ्या माणसाने आम्हालाच ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितलं. बीजीपीच्या तक्रारीला कॅश!

उलगडा झाला तो जुन्या फायरवॉलवर. रॅक अजून चालू होती म्हणून सहज टीसीपीडम्प (येणारी पॅकेट्स दाखवणारं टूल) लावला, आणि नव्या जागी गेलेल्या पत्त्यांसाठीची सिन पॅकेट्स, म्हणजे कनेक्शनची पहिली विनंती, तिथे धडाधड येऊन आपटत होती. सगळी एकदोन नेटवर्कांमधूनच. म्हणजे त्या नेटवर्कांनी नवा /२४ स्वीकारलाच नव्हता, जुना /२३ धरून ती हिंजवडीत येत होती, आणि तिथे सर्व्हरच नाही. रिपस्टॅटवर (कुठला प्रिफिक्स कुठून जाहीर होतोय ते दाखवणारी साइट) प्रिफिक्स टाकून पाहिला. ओरिजिनच्या रकान्यात दुसराच एएस नंबर. कंपनीकडे दोन नंबर आहेत, एलओएच्या नमुन्यात जुना छापलाय, अनाउन्समेंट मात्र नव्यावरून होते. आमच्या आरओएशी तो नंबर जुळेना, म्हणून रूट 'इनव्हॅलिड'. जी नेटवर्कं आरपीकेआय (आरओएवर चालणारी पडताळणी) तपासून इनव्हॅलिड रूट फेकून देतात त्यांनी तो फेकला, जी तपासत नाहीत त्यांनी घेतला. गंमत अशी की आमच्याकडे आरओएच नसते तर तो 'नॉट फाउंड' ठरून बहुतेकांनी घेतला असता. कागदपत्रं चोख ठेवल्याचं हे बक्षीस. तरी आरओए काढू नका. ते नसलं की तुमचा पत्ता कुणीही स्वतःच्या नावाने जाहीर करू शकतो.

दुसऱ्या नंबरचा आरओए जोडला आणि तासाभरात बरीच नेटवर्कं वळली. उरलेली नाही, कारण कंपनीच्या एका अपस्ट्रीमची (तिला पुढे इंटरनेटशी जोडणाऱ्या नेटवर्कची) प्रिफिक्स लिस्ट रूट ऑब्जेक्टवरून बनते, आणि ती बनते रात्री एकदाच. त्यातही आम्ही टाकलेला ऑब्जेक्ट जुन्या नंबरचा, म्हणजे नवा टाका आणि अजून एक रात्र काढा. दिवसभर वाकडच्या पुलाखालच्या ट्रॅफिकसारखं, ना पुढे ना मागे.

म्हणून सांगतो. एलओएवर सही करण्याआधी त्यांच्याकडून मेलवर लेखी घ्या की अनाउन्समेंट नेमकी कुठल्या एएस नंबरवरून होणार, आणि अपस्ट्रीमचे फिल्टर कधी ताजे होतात. फोनवरचं उत्तर धरू नका. कंपनी सध्या ज्या प्रिफिक्स जाहीर करते त्यातली एखादी रिपस्टॅटवर स्वतः तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. आरओए नेमक्या /२४ चा बनवा, मॅक्सलेंग्थ (किती बारीक तुकडा चालेल ती मर्यादा) ताणून ठेवू नका. आणि जुन्या जागेच्या एएसचा आरओए घाईने काढू नका. दोन्हीकडून तोच प्रिफिक्स जाहीर होत असेल आणि नवा जोडल्यावर जुना काढला, तर तुमची जुनी जागा इनव्हॅलिड होते आणि दोन्हीकडून जाता. नवा आरओए, नवा रूट ऑब्जेक्ट, थांबा, नवी अनाउन्समेंट, मोबाईल आणि ब्रॉडबँड दोन्हीवरून तपासणी, मग जुनी अनाउन्समेंट मागे, आणि सगळ्यात शेवटी जुना आरओए. हाच क्रम, यात हुशारी नको. "फ्रॉम अवर साईड" हे शब्द ऐकू आले की तिकीट थेट त्यांच्या नेटवर्क टीमकडे द्यायला लावा, सपोर्टशी वाद घालण्यात जीव घालवू नका.

आता बिल. कोटेशनमध्ये 'आयपी ऑनबोर्डिंग, वन टाइम' असं लिहिलं होतं. पहिल्या बिलात प्रति आयपी प्रति महिना भाडं, २५६ पत्त्यांचं, वर १८ टक्के जीएसटी. आमचेच पत्ते, रजिस्ट्रीची वार्षिक फी आम्ही भरतो, आणि भाडं यांना! याला मी लूट म्हणतो. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांच्या पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर लावले, पण ग्राहकाने स्वतः आणलेल्या पत्त्यांना ते लावत नाहीत. हे मेलमध्ये जसंच्या तसं लिहिल्यावर अकाउंट मॅनेजरचा सूर बदलला आणि क्रेडिट नोट आली. राउटिंगसाठी एकरकमी पैसे घ्या, त्याला माझी ना नाही. दर महिन्याला मोजून घेतायत असं दिसलं तर दुसरी कंपनी बघा.

आणखी एक चाल ओळखून ठेवा. ते तुमचा /२४ सरळ एका व्हीलॅनवर (त्यांच्या स्विचवरचं वेगळं केलेलं लोकल नेटवर्क) टाकतात. मग नेटवर्क आणि ब्रॉडकास्टचे पत्ते गेले, गेटवेचा गेला, त्यांच्या दोन राउटरचे आणखी दोन गेले. आमच्यात त्यातला एक बँकेत व्हाइटलिस्ट केलेला निघाला. त्यांच्याकडून जोडणीसाठी वेगळा /३०, म्हणजे चार पत्त्यांचा तुकडा, मागा आणि तुमचा /२४ त्यावरून तुमच्या फायरवॉलकडे राउट करायला सांगा, २५६च्या २५६ पत्ते वापरता येतात. "असं करत नाही" म्हणतात, पण करतात.

रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद (पीटीआर), शेवटी आठवलं तर मेल अडकतील. /२३ चे दोन वेगळे रिव्हर्स झोन असतात, दोन्ही रजिस्ट्रीत नव्या नेमसर्व्हरकडे वळवावे लागतात. कंपनीकडे झोन तयारच नव्हता, त्यामुळे पीटीआर नसलेल्या आयपीवरून गेलेले पतसंस्थांचे स्टेटमेंट मेल परत आले. झोन आधी उभा करून घ्या, स्वतः डिगने (डीएनएस तपासायची कमांड) तपासा, मग डेलिगेशन हलवा.

दुसरा /२४ आम्ही भर दुपारी हलवला, जेवणाच्या सुट्टीत, आणि एकही फोन आला नाही. त्या दिवशी मी इतका खुशीत होतो की कुणालाही डोळे झाकून "जा" म्हणालो असतो. आज जरा सबुरीने म्हणतो: व्हाइटलिस्टिंगचं लोढणं नसेल तर कंपनीचेच आयपी घ्या आणि मोकळे व्हा. असेल तर जा, पण एलओएवर संपण्याची तारीख घाला आणि करारात एक ओळ टाकून घ्या, की तुमचा मेल मिळाल्यापासून चोवीस तासांत ते अनाउन्समेंट मागे घेतील. आमच्या करारात ती ओळ नव्हती. नूतनीकरणाच्या वेळी घालून घेतली, आणि त्यासाठी त्यांच्या लीगलने महिना खाल्ला.